पगार असणाऱ्याने स्वस्त का विकू नये

माझ्या घराजवळ कोंढव्यात एक वॉशिंग सेंटर आहे. पत्र्याची शेड, एक प्रेशर पंप, एक व्हॅक्यूम आणि कामाला दोन मुले. ते चालवणाऱ्या चाचांना मी लहानपणापासून ओळखतो. वडिलांची स्कूटर त्यांच्याकडेच धुतली जायची. दीड वर्षापूर्वी एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून बसवले. मला वाटले, माझ्या नव्या उद्योगाचे कौतुक करतील. त्यांनी चहा मागवला आणि विचारले, “बेटा, अंदर की सफाई कितने में करता है तू?”

मी म्हणालो, “बारा सौ. बाहर का वॉश और वॅक्स भी उसी में.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मैं सिर्फ अंदर का पंद्रह सौ लेता हूँ, और उसमें भी मुश्किल से निकलता है. तेरी तो तनख्वाह आती है.”

एवढेच बोलले. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. त्यांचे ते शेवटचे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेले नाही. हा लेख त्याच वाक्याबद्दल आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय ३४. सोमवार ते शुक्रवार खराडीतल्या एका कंपनीत काम करतो आणि शनिवार-रविवार लोकांच्या गाड्यांचे डिटेलिंग करतो. सुरुवात स्वतःच्याच गाडीपासून झाली. सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक, सीटवर कधीतरी सांडलेल्या दुधाचा वास, बॉनेटवर पाण्याचे पांढरे डाग. व्हिडिओ बघत आणि चुका करत ती स्वच्छ केली. मग मेहुण्याची गाडी झाली, मग ऑफिसातल्या दोघांची, मग त्यांच्या सोसायटीतल्या लोकांची. तीन-चार महिन्यांत लक्षात आले की लोक या कामाचे पैसे द्यायला तयार आहेत. किती घ्यायचे, एवढाच प्रश्न उरला होता. तो मी इतक्या निष्काळजीपणे सोडवला की आज त्याची लाज वाटते.

आज माझ्यासारखे अनेक नोकरदार जोडधंदा करतात. कोणी घरून केक विकते, कोणी लग्नाचे फोटो काढते, कोणी शिकवण्या घेते. त्या सगळ्यांना हा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण तो माझ्यासारखाच सोडवतात. म्हणून हा हिशेब उघडपणे मांडतो आहे.

बाराशे आले कुठून?

आधी काम काय असते ते सांगतो. डिटेलिंग म्हणजे महागडे वॉशिंग, असा बऱ्याच जणांचा समज आहे. वॉशिंगमध्ये वरची धूळ आणि चिखल जातो, अर्ध्या तासात गाडी बाहेर पडते. डिटेलिंगमध्ये सीटच्या कापडात मुरलेला मळ, एसीच्या जाळ्यांतली धूळ, दाराच्या रबरात बसलेली माती, रंगाला चिकटलेले डांबराचे ठिपके आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण काढायचे असतात. गाडीच्या रंगावर सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही सहसा कमीच. मळक्या फडक्याने गाडी पुसली की याच थरावर गोल गोल ओरखडे उठतात, तेच उन्हात जाळ्यासारखे दिसतात. पॉलिश करणे म्हणजे या थराचा अगदी बारीकसा पापुद्रा घासून काढणे. घासून गेलेला भाग परत येत नाही. त्यामुळे साबणाच्या पाण्याची बादली वेगळी, हातमोजा खळबळायची बादली वेगळी, प्रत्येक भागाला वेगळे मायक्रोफायबर कापड, असे सगळे सांभाळत काम करावे लागते. छोट्या हॅचबॅकला आत-बाहेर करून दोन माणसांचे पाच तास जातात.

दर ठरवण्याआधी मी कोंढवा, एनआयबीएम आणि उंड्री भागातल्या तीन-चार स्टुडिओंना ग्राहक म्हणून फोन केले. एवढ्याच कामाचे त्यांनी २,५०० ते ३,५०० रुपये सांगितले. मला वाटले, माझ्याकडे दुकान नाही, बोर्ड नाही, नाव नाही. आपल्याला एवढे कोण देणार? शिवाय घर तर पगारावर चालते. मग १,२०० ठरवले. खरे सांगायचे तर ‘बाराशे’ म्हणताना तोंड अवघडत नव्हते, एवढेच त्यामागचे कारण. आपल्या नोकरदार घरांत स्वतःच्या मेहनतीची किंमत मोठ्याने सांगण्याची सवय नसते. पगार कंपनी सांगते आणि आपण मान डोलावतो. त्यामुळे समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून आकडा सांगायची वेळ आली की आपण तो आपोआप खाली आणतो आणि वर त्याला साधेपणा म्हणतो.

उशिरा मांडलेला हिशेब

ऑफिसात मी कुठल्याही कामाचा अंदाज तक्ता काढल्याशिवाय देत नाही. स्वतःच्या धंद्याचा तक्ता मात्र मी चाचांकडून चहा पिऊन आल्यावर, त्या रात्री पहिल्यांदा काढला. महिन्याला सरासरी १२ गाड्या होत होत्या. एका गाडीमागे खर्च असा निघाला:

शाम्पू आणि फोम ६० रुपये, आतल्या सफाईचे क्लीनर ७०, टायर आणि प्लास्टिकचे ड्रेसिंग ५०, क्ले बार आणि त्याचे वंगण ६०, वॅक्स ८०, कापडांची झीज आणि धुलाई ६०. एकूण ३८०.

मदतनिसाला ३००.

पेट्रोल ९०.

प्रेशर वॉशर, ओल्या-सुक्या कामाचा व्हॅक्यूम, स्टीमर आणि पॉलिशर मिळून ३६,००० रुपये गुंतले होते. ही यंत्रे दोन वर्षे चालतील असे धरले, तर २८८ गाड्या. म्हणजे गाडीमागे १२५.

बेरीज ८९५. बाराशेतून ३०५ रुपये उरत होते. सामान भरणे, जाणे-येणे आणि रात्री कापडे धुणे धरून माझे सहा तास जात होते. म्हणजे तासाला जेमतेम ५१ रुपये. माझ्या हाताखालच्या मुलाला पाच तासांचे ३०० मिळत होते, तासाला ६०. मालक मदतनिसापेक्षा कमी कमावत होता आणि मालकाला ते आठ महिने कळलेही नव्हते.

कळले नाही, कारण तूट पगारातून भरून निघत होती. शाम्पू संपला की क्रेडिट कार्डावर मागवायचा. चौथ्या महिन्यात एका गाडीच्या गिअरजवळच्या चकचकीत काळ्या प्लास्टिकवर माझ्याच ब्रशचे ओरखडे उठले. चूक माझी होती, तो भाग बदलून दिला, २,८०० रुपये गेले. त्या महिन्यात १२ गाड्यांमधून उरायचे ३,६६० रुपये, त्यातले ८६० हातात राहिले. तेव्हाही मी ‘शिकतोय, चालायचंच’ म्हणून सोडून दिले. धंद्यावरच पोट असलेल्या माणसाला असे सोडून देता येत नाही.

मी एकटाच कमी कमावत असतो, तर ती माझी हौस म्हणून चालून गेली असती. पण माझ्यासोबत आमच्याच गल्लीतला एक मुलगा काम करत होता. बारावीनंतर कॉलेज सुटलेला, हाताने अतिशय नीटनेटका. डॅशबोर्डच्या फटी तो कानकोरण्याला कापड गुंडाळून साफ करायचा, ही युक्ती त्याचीच. चाचांशी बोलणे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो म्हणाला, “भैय्या, पुढच्या महिन्यापासून रविवारी जमणार नाही. डिलिव्हरीचं काम मिळतंय, तिथे जास्त सुटतात.” मी विचारले, किती? त्याने पेट्रोल वजा करून तासाचा आकडा सांगितला. त्याचा हिशेब तोंडपाठ होता, इंजिनिअरिंग करून मला जो जमला नव्हता तो. त्याला मी जास्त का देऊ शकत नव्हतो? बाराशेत ते बसतच नव्हते म्हणून. आकडा सांगताना माझे तोंड अवघडते, त्याचे पैसे त्या मुलाच्या मजुरीतून जात होते.

भाड्याची सूट आणि पगाराची सूट

ऑफिसात मी हे बोललो तेव्हा एका मित्राने सरळ प्रश्न केला: बाजार आहे, ज्याला परवडेल तो टिकेल. तू स्वस्त देतोस, ग्राहकाचा फायदा होतो. चाचांनी वाईट का वाटून घ्यावे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला ‘परवडणे’ या शब्दात सापडले. माझा दर कमी असण्याची दोन कारणे होती आणि ती मी एकात मिसळून टाकली होती.

पहिले कारण, मला जागेचे भाडे नाही. मी ग्राहकाच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करतो. चाचा शेडचे भाडे देतात, व्यावसायिक दराने वीजबिल भरतात आणि पावसात दिवसभर एकही गाडी आली नाही तरी दोन मुलांची मजुरी देतात. हा खर्च मला खरोखरच नाही. तो वाचल्यामुळे दर थोडा कमी ठेवला, तर त्यात गैर काही नाही. कामाची पद्धत वेगळी, म्हणून खर्च वेगळा.

दुसरे कारण, मला पगार आहे. याचा गाडीच्या सफाईशी काहीही संबंध नाही. मी चाचांपेक्षा चांगले काम करतो म्हणून १,२०० परवडत नव्हते, तर महिन्याच्या शेवटी दुसरीकडून पैसे येतात म्हणून परवडत होते.

मोठ्या ॲप कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशांवर तोटा सोसून दर पाडतात आणि छोट्या दुकानदाराला उठवतात, अशी टीका आपण सगळेच करतो. स्पर्धा कायदा, २००२ मध्ये खर्चाहून कमी दराने विकून प्रतिस्पर्ध्याला बाजारातून घालवण्याला मनाई आहे, पण ती बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगांसाठी. माझ्यासारख्याला कुठलाच कायदा अडवणार नाही. तरीही छोट्या प्रमाणावर मी तेच करत होतो. माझा गुंतवणूकदार माझा पगार होता.

ग्राहकाच्या फायद्याबद्दलही मला आता शंका आहे. बाराशेला काम मिळालेला माणूस पुढे चाचांकडे जातो आणि म्हणतो, “तो इंजिनिअर एवढ्यात सगळं करून देतो.” उद्या माझी बदली झाली, मूल झाले, कंटाळा आला, तर मी पॉलिशर विकून मोकळा होईन. मी पाडून ठेवलेला दर मात्र त्या गल्लीत राहील आणि तो झेलायला ज्यांच्याकडे दुसरे काही नाही असे लोक असतील.

नवा दर

मग मी दर नव्याने बांधला. त्यासाठी एकच गोष्ट गृहीत धरली: मला पगार नाही. मदतनिसाला तासाला १०० प्रमाणे पाच तासांचे ५००. साहित्य ३८०, पेट्रोल ९०. दर वाढला की गाड्या कमी होणार, म्हणून महिन्याला ८ धरल्या. त्यामुळे यंत्रांची झीज गाडीमागे १९० रुपयांवर गेली. नुकसान झाले तर भरून द्यायला १०० बाजूला. एकूण १,२६०. हॅचबॅकचा दर २,४०० ठेवला, सेडान आणि छोट्या एसयूव्हीचा २,८००, सात आसनी गाडीचा ३,४००. स्टुडिओच्या दरापेक्षा हा थोडा कमी आहे आणि त्यातला फरक भाड्याचा आहे. सीटवर कुत्र्याचे केस असतील किंवा उलटीचा डाग असेल, तर वाढीव पैसे किती, हे गाडी पाहून आधीच सांगतो.

जुन्या ग्राहकांना महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर कळवले. निम्म्याहून जास्त परत आले नाहीत. एकाने नुसता अंगठा पाठवला, तो आजतागायत शेवटचा निरोप आहे. पहिले दोन महिने पाच-पाच गाड्याच झाल्या आणि मी रोज रात्री दर उतरवायचा विचार करत होतो. तिसऱ्या महिन्यापासून आकडा आठच्या आसपास स्थिरावला. आता एका हॅचबॅकमागे १,१४० रुपये उरतात, तासाला १९०. सगळ्या हॅचबॅकच धरल्या तरी महिन्याला ९,१२०, पूर्वीच्या अडीचपट. मदतीला येणाऱ्या मुलाला पूर्वी १२ गाड्यांचे ३,६०० मिळत, आता ८ गाड्यांचे ४,००० मिळतात आणि चार रविवारांपैकी एखादा मोकळा जातो. तो डिलिव्हरीला गेला नाही.

‘आपलाच आहे, समजून घे’

दर वाढवण्यापेक्षा अवघड गेले ते ओळखीच्या लोकांना तो सांगणे. मामा, चुलतभाऊ, वडिलांचे मित्र, शाळेतला मित्र, सगळ्यांची एकच अपेक्षा: “आपल्याकडून काय घेणार?” सुरुवातीला मी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगत होतो आणि मग कोणाला काय सांगितले ते विसरत होतो. एकदा दोन चुलतभावांनी ईदच्या दिवशी समोरासमोर आकडे जुळवले. एकाला ८००, दुसऱ्याला १,०००. हजारवाला अजून ते बोलून दाखवतो.

आता नियम साधा आहे. आई-वडील, बहीण आणि मेहुणा यांची गाडी वर्षातून एकदा फुकट. मदतनिसाची मजुरी तेव्हाही मी माझ्या खिशातून देतो. बाकी सगळ्यांना छापील दर. फुकट दिले की ते प्रेमाचे असते, हे दोघांनाही कळते. अर्ध्या दरात दिले की घेणाऱ्याला तोच खरा दर वाटतो, देणारा मनात कुढतो आणि काम घाईत उरकतो. वडिलांच्या एका मित्राने पूर्ण पैसे दिले आणि वर म्हणाले, “आता काही चुकलं तर हक्काने सांगता येईल.” मला ते पटले. स्वस्तात काम करून घेणाऱ्याला तक्रारही करता येत नाही.

जाहिरात

दर योग्य ठेवला की पुढचा प्रश्न, लोकांना कळणार कसे? इथेही मी आधी चुकाच केल्या.

पहिली चूक ‘फक्त ४९९ रुपयांपासून’. समाजमाध्यमांवर पैसे भरून ही जाहिरात चालवली. ४९९ मध्ये नुसता बाहेरचा वॉश होता आणि तो करायची माझी इच्छाही नव्हती. फोन आला की गोड बोलून ग्राहकाला वरच्या पॅकेजवर न्यायचे, असा बेत. फोन भरपूर आले, पण बहुतेक लोक चिडून ठेवत होते आणि त्यांचे बरोबर होते. जी वस्तू त्या किमतीला द्यायचीच नाही ती दाखवून गिऱ्हाईक ओढण्याला आमिष दाखवणारी जाहिरात म्हणतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात अशा जाहिरातींवर स्वतंत्र कलम आहे. ते वाचले तेव्हा माझी जाहिरात डोळ्यांसमोर आली.

दुसरी चूक परीक्षणांची. गुगलवर पाच तारे दिले तर पुढच्या वेळी २०० रुपये सूट, असे मी सहा-सात जणांना सांगितले. सगळेच करतात, म्हणून मीही केले. गुगलच्या नियमांत सवलत किंवा पैशांच्या बदल्यात परीक्षण घेण्याला मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणले. नियम बाजूला ठेवला तरी गोष्ट साधी आहे: ते तारे मी विकत घेतले होते आणि त्यांवर विश्वास ठेवून येणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हते. ज्यांना सूट कबूल केली होती त्यांना ती दिली आणि ती परीक्षणे काढून टाकायला सांगितली. २३ वरून १७ वर आलो. आता काम झाल्यावर फक्त एवढे म्हणतो, “जे वाटलं ते लिहा.” एकाने तीन तारे देऊन लिहिले की मी ४० मिनिटे उशिरा आलो. आलो होतो.

तिसरी चूक मोठ्या शब्दांची. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातींत ‘९एच’ हा शब्द हमखास असतो आणि तो ऐकून लोकांना वाटते की गाडीवर काचेचे चिलखत चढले. हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे. त्या चाचणीत ठरावीक कडकपणाच्या पेन्सिलने ओरखडा उठतो का, एवढेच बघतात. कोटिंगमुळे पाणी लवकर घरंगळते, धुणे सोपे जाते, चमक टिकते. हायवेवर उडालेला खडा किंवा पार्किंगमध्ये किल्लीने ओढलेली रेघ त्याने अडत नाही. ‘आजीवन संरक्षण’ हे शब्द मीही एका पोस्टमध्ये वापरले होते. सात वर्षांपूर्वीच्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला कोटिंग करू नका, साधे वॅक्स पुरे, असे मी आता ग्राहकाला सांगतो. त्याने त्या दिवशी पैसे बुडतात. तोच माणूस मग दोन शेजारी पाठवतो.

उपयोगी ठरले ते अगदी साधे. दरपत्रक उघडपणे लावले, ‘दरासाठी मेसेज करा’ हा प्रकार बंद केला. दरासोबत काय होणार याची यादी दिली आणि त्याखाली काय होणार नाही याचीही: खोल ओरखडे जाणार नाहीत, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचे वेगळे पैसे, इंजिन धुणार नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढतो. आधीचा सावलीत आणि नंतरचा उन्हात काढला की कुठलीही गाडी चमकते. मालकाची परवानगी घेतो, नंबर प्लेट झाकतो. एका सोसायटीत काम करताना येणारा-जाणारा थांबून विचारतो, तीच माझी सर्वांत मोठी जाहिरात. म्हणून एका शनिवारी शक्यतो एकाच सोसायटीत दोन गाड्या घेतो. खंडेनवमी-दसऱ्याच्या आणि ईदच्या आधीचा आठवडा भरलेला असतो, तेव्हा दर वाढवत नाही. पावसाळ्यात उघड्या पार्किंगमधले पॉलिशचे काम घेत नाही आणि तेही आधीच सांगतो.

सोसायटी आणि नोकरी

आणखी दोन गोष्टी जोडधंदेवाल्याने दरात आणि वागण्यात धराव्यात. आमच्या भागातल्या अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. ग्राहकाने ‘नळ आहे ना’ म्हटले तरी ते पाणी सगळ्यांचे असते. सेक्रेटरींना आधी विचारतो, पाणी मोजून वापरतो, वॉचमनला नीट सांगतो आणि जाताना जागा पुसून जातो.

दुसरे, नोकरी. २०२२ मध्ये विप्रोने एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या क्षेत्रात मोठी खळबळ झाली. गाड्या पुसणे हे कुठल्याही आयटी कंपनीशी स्पर्धा करणारे काम नाही, तरी मी माझा करार वाचला आणि मॅनेजरला ईमेल करून परवानगी घेतली. तसेच आयकर विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवतो. पगारासोबत धंद्याचे उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ‘हौस आहे’ म्हणून लपवायचे आणि ‘धंदा आहे’ म्हणून पैसे घ्यायचे, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

चाचांचे सगळे ग्राहक परत गेले, असा या गोष्टीचा गोड शेवट नाही. दोघे कुठल्या तरी ॲपकडे गेले, एकाने गाडीच विकली. साधे वॉश मी आता घेत नाही, विचारणाऱ्याला चाचांचा पत्ता देतो. पॉलिशचे काम आले की तेही कधी माझे नाव सांगतात, कधी सांगत नाहीत. मध्यंतरी त्यांनी विचारले, “अब कितना लेता है?” मी म्हणालो, “चौबीस सौ.” त्यांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, “लोग देते हैं?” “देते हैं.” त्या महिन्यात त्यांनी शेडवरच्या पाटीवर आतल्या सफाईचा दर १,५०० खोडून १,८०० लिहिला. त्याचे श्रेय माझे नाही. आठ महिने मी त्यांच्या आड येत होतो, आता येत नाही, एवढेच.

नोकरी सांभाळून काही विकायला निघालेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. दर ठरवण्याआधी एका रात्री कागद घेऊन बसा आणि समजा की पुढचे सहा महिने पगार येणार नाही. त्या अवस्थेत, हाताखालच्या माणसाला वेळेवर आणि नीट पैसे देऊन, तुम्ही हेच काम कितीला कराल? जो आकडा येईल तो मोठ्याने दोन-चार वेळा म्हणून बघा. सुरुवातीला तोंड अवघडेल, तरी तोच सांगा.